घरच्या घरी टॅरोचा कॅट: दोन कार्डशीट, चार ठसे आणि सोलापूरची चित्रं

टॅरोचा, म्हणजे भविष्य बघायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांचा, परदेशी कॅट घ्यायचा म्हटलं की किंमत बघूनच हात आखडतो. स्वस्तातले जे नकली कॅट मिळतात, त्यांची छपाई इतकी धुरकट असते की राजा कुठला आणि राणी कुठली याचाच अंदाज बांधावा लागतो. घरी केलेला कॅट या दोन्हींपेक्षा बरा होऊ शकतो, पण पैसा आणि वेळ कुठे घालायचा हे आधी नीट ठरवायला हवं. नवशिके सगळा जीव चित्रांत ओततात आणि शेवटी घाईघाईत कात्री चालवतात. चित्र कच्चं असलं तरी कॅट चालतो, रोज हातात घेतला की ते चित्र आवडायलाही लागतं. पत्ते मात्र लहानमोठे झाले, एकेकाची पाठ वेगळी दिसायला लागली किंवा पिसताना अडकायला लागले, की मग तो चित्रांचा नुसता गठ्ठा. म्हणून पैसे कागदावर, कापण्यावर आणि पाठीवर घाला. चित्रं जवळपास फुकटात होतात.

करायचंय काय

टॅरोत एकूण ७८ पत्ते असतात. त्यातले ५६ आपल्याला अर्धे ओळखीचेच आहेत. नेहमीच्या कॅटसारखी चार चिन्हं, प्रत्येक चिन्हाचे एक्क्यापासून दहापर्यंत दहा पत्ते, आणि वर गुलाम, राणी, राजा. फरक इतकाच की इथे चित्राचे पत्ते तीनऐवजी चार असतात: पेज, नाइट, राणी आणि राजा. म्हणजे ५२ च्या जागी ५६. याला मायनर अर्काना म्हणतात. किलवर म्हणजे दंड, बदाम म्हणजे पेला, इस्पिक म्हणजे तलवार आणि चौकट म्हणजे नाणं, अशी जोडी साधारण लावली जाते. उरलेले २२ पत्ते मेजर अर्कानाचे, शून्य क्रमांकाच्या मूर्खापासून २१ क्रमांकाच्या जगापर्यंत.

हा मुळात खेळायचाच कॅट. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत त्याचे डाव रंगायचे आणि तिथल्या श्रीमंतांकडे हाताने रंगवलेले, सोनं लावलेले कॅट असायचे. भविष्य सांगण्यासाठी तो वापरायची टूम अठराव्या शतकात फ्रान्समध्ये निघाली. आज इंटरनेटवर सगळीकडे दिसतो तो चेहरा १९०९ मध्ये लंडनला छापलेल्या कॅटचा. त्याची चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढली आणि आखणी आर्थर एडवर्ड वेट यांची. वेट यांनी त्यात जुन्या क्रमाची अदलाबदलही केली, शक्तीला ८ आणि न्यायाला ११ क्रमांक दिला. जुन्या फ्रेंच कॅटमध्ये हे नेमकं उलट आहे. सांगायचं कारण, क्रम, नावं, चित्रं हे सगळं लोकांनी वेळोवेळी बदललेलं आहे. तुम्हीही बदला, फक्त एकदा ठरवलं की ७८ पत्त्यांत तेच ठेवा.

भविष्य खरंच कळतं का, या वादात मी पडत नाही. मला पत्ता उलटला की विचाराला एक टोक मिळतं, तेवढं पुरतं. ज्यांना तेही नको त्यांनी खुशाल डाव मांडावेत. फ्रान्समध्ये याच ७८ पत्त्यांचा खेळ अजून खेळला जातो.

पत्त्याचं माप: ६५ बाय ११०

बाजारातला टॅरोचा पत्ता साधारण ७० बाय १२० मिलिमीटरचा असतो. दिसायला रुबाबदार, पण लहान हातांना पिसायला जड. मी सांगेन ते माप ६५ बाय ११०. कारण हाताचंही आहे आणि हिशोबाचंही.

स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं पूर्ण कार्डशीट बहुतेकदा २२ बाय २८ इंचांचं असतं, म्हणजे ५५९ बाय ७११ मिलिमीटर. ७० बाय १२० चे पत्ते त्यात ४० बसतात. दोन शीटचे ८० झाले, म्हणजे चुकायला फक्त दोन पत्ते शिल्लक. ६५ बाय ११० घेतले तर २८ इंचांच्या बाजूला दहा आणि २२ इंचांच्या बाजूला पाच असे ५० बसतात. दोन शीटमध्ये शंभर. ७८ वजा जाता २२ कोरे पत्ते हाताशी राहतात आणि नवशिक्याला ते लागतातच. हेच माप ए-फोर कागदावर सहा बसतं, तीन आडवे आणि दोन उभे, शिवाय दोन्ही कडांना साडेसात मिलिमीटर जागा उरते, जी प्रिंटरला हवीच असते. ७८ भागिले ६ म्हणजे बरोबर १३ कागद. माप शीटप्रमाणे ठरवायचं, पत्त्याप्रमाणे नाही. पण दुकानात शीट मोजून घ्या, काही शीट अर्धा इंच आखूड निघतात. ५ गुणिले ११० म्हणजे ५५० होतात आणि ५५९ मध्ये चुकीला जेमतेम नऊ मिलिमीटर मिळतात.

जाडी मागताना ३०० जीएसएम (चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) म्हणा. दुकानदार 'आयव्हरी' किंवा 'आर्ट कार्ड' अशी नावं घेईल. आर्ट कार्ड दोन्ही बाजूंनी चकचकीत असतं, त्यावर शाई वाळत नाही, बोटाला लागते. आयव्हरीचं एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने किंचित खरखरीत असलेलं कार्ड मिळालं तर तेच घ्या. गुळगुळीत बाजू पाठीला, खरखरीत बाजू चित्राला. २०० जीएसएमखाली गेलात तर पत्ते लुळे पडतात, ४०० ला गेलात तर हातात ७८ मावत नाहीत. शंका आली तर दुकानातच मोबाइलची बॅटरी मागून लावून बघा. उजेड आरपार येत असेल तर पाठ गडद रंगाची ठेवावी लागेल, नाहीतर समोरचं चित्र मागून ओळखू येईल. खेळायच्या चांगल्या पत्त्यांत दोन थरांमध्ये काळसर गोंद असतो तो याचसाठी.

सोलापूरच्या नवी पेठेत शीट घेतलंत आणि दुचाकीवर घरी न्यायचंय, तर सुरळी करू देऊ नका. ३०० जीएसएमच्या शीटला पडलेला बाक पुढे पत्त्यांत उतरतो. त्यापेक्षा दुकानातच २८ इंचांची बाजू मधोमध कापून घ्या. प्रत्येक अर्ध्यात पाच गुणिले पाच असे २५ पत्ते बसतात, नुकसान काही नाही, आणि दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून सपाट नेता येतं. अर्थात त्याआधी कागदाचा लोण बघून घ्यायचा.

लोण म्हणजे कागदातले तंतू ज्या दिशेने पडलेत ती दिशा. सोलापूरकरांना हे समजावायला नको, ताणा आणि बाणा यांचा फरक ज्यांच्या हाताला कळतो त्यांना कार्डही कळतं. शीट एकदा लांबीकडून आणि एकदा रुंदीकडून हलकेच वाकवा. ज्या बाजूने सहज वाकेल, घडीची रेघ पडेल त्याच दिशेला तंतू धावतात. पत्त्याची लांब बाजू या रेघेला समांतर हवी. तसं केलं तर पत्ते कालांतराने वाकले तरी सगळे एकाच दिशेने आणि थोडेच वाकतात. तंतू २८ इंचांच्या दिशेने असतील तर पत्ते फिरवून आखा: आठ गुणिले सहा, एका शीटमध्ये ४८, दोनमध्ये ९६. तरी भरपूर झाले. मग शीट कापून घ्यायची तर मात्र २२ इंचांची बाजू मधोमध, म्हणजे प्रत्येक अर्ध्यात २४ बसतात. काही पत्ते उभे आणि उरलेल्या पट्टीत काही आडवे असं मात्र करू नका. त्या आडव्या पत्त्यांचा बाक वेगळा येतो आणि न बघता हाताला कळतो.

पाठ

हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आणि माझ्या मते कॅटचा प्राण.

पाठ कोरी ठेवणं सोपं वाटतं. पण शेंगाचटणीच्या बोटाचा एक डाग पडला की तो पत्ता जन्माचा ओळखीचा होतो. नेहमीच्या पत्त्यांची पाठ बारीक नक्षीने गच्च भरलेली असते, कारण मळ त्यात लपतो. तर पाठीला तीन नियम: नक्षी दाट हवी, ती पत्त्याच्या कडेपर्यंत जाऊन कापली गेली पाहिजे आणि पत्ता उलटा धरला तरी तशीच दिसली पाहिजे. कडेने पांढरी चौकट ठेवायचा मोह होतो. ठेवू नका. कापताना एक मिलिमीटर सरकलं तरी चौकट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला बारीक दिसते, आणि पत्ता फितूर होतो.

नक्षी शोधायला लांब जायला नको. घरात सोलापुरी चादर असेलच, तिचा काठ बघा. चौकोनांच्या पायऱ्या, त्रिकोण, एकमेकांत गुंतलेले चौकट-बदाम. जॅकार्डच्या मागासाठी ही डिझाइनं आधी आलेख कागदावर एकेक चौकोन भरून काढतात आणि त्यावरून भोकं पाडलेली कार्डं तयार होतात. तुम्हीही शाळेचा आलेख कागद घ्या, ६५ बाय ११० ची चौकट आखा आणि फक्त वरचा अर्धा भाग भरा. खालचा अर्धा म्हणजे तोच भाग १८० अंशांत फिरवलेला. भरून झालं की कागद उलटा फिरवून बघा, काही बदललं नाही तर काम झालं.

आता ही नक्षी पत्त्यांवर आणायची कशी? खिशात थोडे पैसे असतील तर माझी शिफारस अशी: पाठ प्रेसमध्ये छापा, चेहरे घरी काढा. डिजिटल प्रिंट करणाऱ्यांकडे तेरा-एकोणीस इंची शीटवर काम चालतं, छापता येण्याजोगी जागा साधारण १२ बाय १८ इंच. त्यात ६५ बाय ११० चे १६ पत्ते बसतात, चार गुणिले चार. पाच शीटमध्ये ८०. म्हणजे एकाच बाजूचे फक्त पाच प्रिंट. आयव्हरीवर, गुळगुळीत बाजूला छापायला सांगा आणि सुट्या पत्त्यांसाठी सहावं शीटही काढून घ्या. कोपऱ्यावरच्या साध्या झेरॉक्सवाल्याकडे ३०० जीएसएम घेऊन गेलात तर तो नाहीच म्हणेल. त्याचंही बरोबर आहे, जाड कार्ड मशीनमध्ये अडकतं आणि टोनर नीट बसत नाही.

पैसे अजिबात घालायचे नसतील तर स्पंज. भांडी घासायचा नवा स्पंज तोडून घ्या, कडा फाटक्याच ठेवा. गडद रंगाचं ॲक्रिलिक थाळीत पसरवा, स्पंज आधी रद्दीवर टिपून जवळपास कोरडा करा आणि कापण्याआधीच अख्ख्या शीटच्या पाठीवर ठोकत जा. ठिपके जितके दाट आणि बेशिस्त तितकं उत्तम, कारण डोळ्याला कुठलाच पत्ता वेगळा काढता येत नाही. ठशाने ओळीत नक्षी उठवायला जाल तर उलट होतं, हाताने मारलेला प्रत्येक ठसा थोडा तिरका पडतो आणि तीच पत्त्याची खूण बनते. स्पंज ओला नको. ओलं झालेलं कार्ड फुगतं आणि सोलापूरच्या कोरड्या उन्हात पापडासारखं वळतं. वाळलं की रात्रभर वजनाखाली ठेवा.

कापणं

एकाच वेळी सगळे पत्ते कापले गेले तर ते एकसारखेच होतात. म्हणून बुकबाइंडरकडचं कटिंग मशीन. शीटचा गठ्ठा, फक्त वरच्या शीटवर पेन्सिलने आखलेल्या रेघा, आणि मोजके घाव. कामाचे पैसे तो थोडेच घेतो, वेळ मात्र त्याच्या सवडीने. लग्नसराईत पत्रिकांची गर्दी असते, जूनच्या तोंडावर वह्यांची. पितृपक्षात लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे निवांतपणा असतो, तेव्हा गेलात तर माणूस गप्पाही मारतो. 'पत्ते कुटायचे का ओ?' असा प्रश्न येणार, उत्तर तयार ठेवा. अशा ठिकाणी पत्रिकेच्या जाड कार्डाच्या उरलेल्या पट्ट्याही पडलेल्या असतात. मागितल्या तर मिळतात, सरावाला आणि डबीला उपयोगी. आणि हो, शाई किंवा रंग पुरता वाळल्याशिवाय गठ्ठा मशीनखाली देऊ नका, दाबाने वरच्याची पाठ खालच्याच्या चेहऱ्यावर उमटते.

घरी कापायचं तर कात्री बाजूला ठेवा. कटर, स्टीलची पट्टी आणि खाली जुनी काच किंवा जाड पुठ्ठा. प्लास्टिकची पट्टी कटर खातो, त्यामुळे स्टीलचीच. आधी ११० मिलिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्या काढा, मग त्यांचे ६५ चे तुकडे. एका दमात आरपार कापायला जाऊ नका. तीन हलके घाव घाला, पातं सरळ उभं ठेवून. पातं तिरकं झालं की कड उतरती होते आणि पत्ते एकमेकांवर चढतात. पात्याचं टोक बोथट वाटलं की लगेच मोडून नवं घ्या, कागदाची कड पिंजायला लागली की समजायचं. पट्टी धरलेल्या हाताची बोटं कडेच्या आत हवीत. लहान मुलं हौसेने मदतीला आली तर त्यांना ठशांच्या कामाला लावा, कटर देऊ नका.

कापून झाल्यावर सगळा गठ्ठा टेबलावर आपटून उभा करा. बाहेर डोकावणारे पत्ते दिसतीलच. गठ्ठा दोन फळ्यांमध्ये किंवा जाड पुस्तकांमध्ये घट्ट दाबून धरा आणि कडेवरून २२० नंबरचा, नंतर ४०० नंबरचा पॉलिश पेपर एकाच दिशेने फिरवा. पाच मिनिटांच्या या कामाने हातकटाईचा कॅट मशीनच्या जवळ जातो.

कोपरे गोल करायचं महागडं पंच घेऊ नका. शर्टाचं बटण कोपऱ्यावर ठेवून पेन्सिल फिरवा आणि नेलकटरने दोन चिमटे घ्या. नेलकटरची वाकडी धार या कामासाठीच केल्यासारखी आहे. कोपरे टोकदार ठेवले तर काही दिवसांतच त्यांचे थर सुटतात.

चार ठसे, चाळीस पत्ते

आता चित्रं. ७८ चित्रांची धास्ती घेऊ नका, खरं काम ३८ पत्त्यांचंच आहे. एक्का ते दहा हे चाळीस पत्ते ठशांनी होतात. १९०९ च्या कॅटमध्ये या पत्त्यांवरही माणसं, प्रसंग आहेत. पण त्याआधीच्या बहुतेक कॅटमध्ये तिथे नुसती चिन्हं मोजून मांडलेली असायची, तीन पेले, सात तलवारी. आपण तोच रस्ता धरायचा.

चिन्हं आपली घ्या. मी सुचवतो ती अशी. पेल्याच्या जागी घागर. पेल्याचं तत्त्व पाणी आणि विषय मनाचा, आणि नळाला पाणी कधी येणार यावर ज्या गावाचा दिवस ठरतो तिथे भरलेली आणि रिकामी घागर यातला फरक कोणाला सांगावा लागत नाही. नाण्याच्या जागी भाकरी, गोल आहे, पृथ्वीतत्त्वाची आहे, कष्टाची आणि कमाईची आहे. कडक भाकरी असेल तर तिच्यावरचे फुगेही ठशात कोरता येतात. तलवारीच्या जागी कात्री: विचार, वाद, तोडणं. दंडाचं तत्त्व आग, म्हणजे उमेद आणि हालचाल. तिथे मागाचा धोटा, सतत इकडून तिकडे धावणारा, दोन्ही टोकांना निमुळता, आणि कोरायला चौघांत सगळ्यात सोपा.

पांढरं खोडरबर घ्या, मोठ्या आकाराचं. पेन्सिलने चित्र काढा आणि कटरच्या टोकाने बाजूचा भाग दोन-तीन मिलिमीटर खोल काढून टाका. ठसा १५ मिलिमीटरपेक्षा उंच नको, कारण दहाच्या पत्त्यावर दोन उभ्या ओळींत पाच-पाच बसवायचे आहेत आणि वर आकड्याला जागा सोडायची आहे. ठसा कागदावर आरशासारखा उलटा उमटतो, पण घागर, भाकरी, धोटा, कात्री यांना डावं-उजवं नसतं. आकडे मात्र कोरू नका, पेनाने लिहा. एका चिन्हाचे एक्का ते दहा मिळून ५५ ठसे होतात, चार चिन्हांचे २२०. एका संध्याकाळचं काम आहे.

ठसे मारण्याआधी मांडणी पेन्सिलने एका रद्द पत्त्यावर करून बघा. मांडणीतच अर्थ घालता येतो आणि ते मला नुसत्या मोजणीपेक्षा जास्त आवडतं. पाचचा पत्ता बिघाडाचा मानतात, म्हणून चार घागरी सरळ आणि पाचवी आडवी, लवंडलेली. दोन कात्र्या एकमेकींवर आडव्या. तीन भाकऱ्या एकावर एक चढलेल्या. आठ धोटे सगळे तिरके, एकाच दिशेला सुटलेले. नऊमध्ये एक जागा मोकळी. स्टॅम्प पॅडची शाई वाळायला वेळ घेते, पत्ते एकावर एक न ठेवता चटईवर पसरून ठेवा आणि पंखा बंद करा.

दरबारी पत्ते सोळा: पेज, नाइट, राणी, राजा. मी पेजला 'पोर' आणि नाइटला 'स्वार' म्हणतो. चेहरे जमत नसतील तर काढूच नका. पोराचे नुसते हात दाखवा, स्वार पाठमोरा सायकलवर, राणी पदराच्या रेषेवरून आणि राजा पटक्यावरून कळतो. हातात त्या-त्या चिन्हाचा ठसा मारला की झालं.

बावीस मोठे पत्ते

इथे रमायला हरकत नाही. चौकट ५७ बाय १०२ ची आखा, म्हणजे चारी बाजूंना चार मिलिमीटर. वर आकडा, खाली नाव. पाण्याने न पसरणारं काळं पेन आणि एकच रंग. एकच, कारण एका रंगाने कच्चं चित्रही मुद्दाम केल्यासारखं दिसतं. चादरीतला मरून निवडा किंवा गडद हिरवा.

मनोरा हा सोळावा पत्ता, अचानक कोसळण्याचा. सोलापूरकराला त्यासाठी वीज पडलेला युरोपातला बुरूज कशाला हवा? जून २०२३ मध्ये होटगी रस्त्यावरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, ते दृश्य मोबाइलवर पाहिलं नाही असं घर गावात सापडणं अवघड. तिरकी झालेली चिमणी आणि खाली धुळीचा लोट, दोन रेघांचं चित्र आहे. रथ म्हणजे रात्री मुंबईला निघणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस. चंद्राच्या मूळ पत्त्यात एक कुत्रा, एक लांडगा आणि पाण्यातून वर येणारा खेकड्यासारखा प्राणी असतो. कंबर तलावाचा काठ, दोन भटकी कुत्री आणि खेकडा, झाला पत्ता. ताऱ्यासाठी नान्नजचं माळरान, वर आभाळ आणि गवतात मान वर केलेला माळढोक. सूर्याला फार डोकं लावू नका: मे महिना, दुपारचे दोन, ओस रस्ता. खरं तर मूळ पत्ता आनंदाचा आहे, तेव्हा सावलीत उसाच्या रसाचा गाडा काढा. उलटा टांगलेला माणूस जमत नसेल तर वटवाघूळ काढा. चाकाच्या पत्त्याला बॉबिन भरायचा रहाट. तेरावा पत्ता मृत्यूचा, त्याला लोक उगाच घाबरतात, त्याचा अर्थ एक गोष्ट संपून दुसरीला जागा होणं असाच घेतात. तिथे बंद गिरणीचं फाटक आणि त्यातून उगवलेलं पिंपळाचं रोप. जगाच्या शेवटच्या पत्त्यावर मागावरून उतरलेली पूर्ण चादर.

देवांची चित्रं मी टाळतो. गंजिफाच्या गोल पत्त्यांवर दशावतार असतात आणि ती परंपरा मोठी आहे. पण आपला कॅट जमिनीवर पसरणार, कधी पायाखाली येणार. घरातल्या आजीने एकदा नाक मुरडलं की कॅट कपाटाच्या वर जातो. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेतले, म्हणजे गड्ड्यातले, उंच काठ्यांचे नंदीध्वज दंडाच्या एक्क्याला शोभतील असं कोणाच्याही मनात येईल, ते घ्यायचे की नाही हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारून ठरवावं. गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा मात्र बिनधास्त घ्या, तोही चाकाच्या पत्त्याला चालतो.

ज्यांना चित्र काढायचंच नाही त्यांच्यासाठी: भारतात चित्राचा कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी संपतो. पामेला स्मिथ १९५१ मध्ये वारल्या, त्यामुळे १९०९ ची त्यांची मूळ चित्रं आपल्याकडे मोकळी आहेत. नंतर कोणी नव्याने रंगवलेल्या आवृत्त्यांचं तसं नाही, तेवढं बघून घ्या.

लॅमिनेशनचा मोह

दाखल्यांना करतात ते पाऊच लॅमिनेशन पत्त्यांना करू नका. १२५ मायक्रॉनचा पाऊच म्हणजे दोन्ही बाजू मिळून पाव मिलिमीटर. ७८ पत्त्यांत ही भर साडेएकोणीस मिलिमीटरची होते, मूळ कॅट जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा असताना. वर पत्ते घसरतात आणि कडा बोटांना टोचतात. लॅमिनेशन हवंच असेल तर सगळं चित्रकाम शीटवरच उरकून, कापण्याआधी, प्रेसमध्ये मॅट फिल्म करून घ्या आणि दोन्ही बाजूंना करा. एकाच बाजूला केलं की पत्ता त्या बाजूला वळतो.

व्हार्निश मारायचं असेल तर आधी रद्द पत्त्यावर. स्टॅम्प पॅडची आणि बॉलपेनची शाई व्हार्निशखाली पसरू शकते. ॲक्रिलिकचा जाड थर दिलेले पत्ते आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात एकमेकांना चिकटतात, ही गोष्ट थंड देशांतल्या व्हिडिओत कोणी सांगत नाही. मी काहीच लावत नाही. चिमूटभर टाल्कम पावडर, कोरड्या पंच्याने पुसून काढायची, पत्ते सरसर सरकतात. कॅरमवाली मंडळी जे करतात तेच.

खर्च, आणि वापरायला सुरुवात

दोन शीट, कटर, स्टीलची पट्टी, खोडरबरं, स्टॅम्प पॅड, पेन, पॉलिश पेपर मिळून पूर्ण हातकामाचा कॅट साधारण तीनशे रुपयांत बसवता येतो. त्यातलं निम्मं सामान पुढच्या कॅटलाही कामाला येतं. पाठ छापून घेतली तर प्रेसचे पैसे वर. आणि ज्यांना हे सगळं करण्याआधी चाचपून बघायचंय त्यांनी एकसारख्या पाठीचे, कागदी पत्त्यांचे दोन साधे कॅट घ्यावेत. एकाचे सगळे ५२, दुसऱ्याचे चार गुलाम आणि आणखी २२ पत्ते, झाले ७८. बावीस पत्त्यांवर पांढरं स्टिकर पेपर चिकटवून नावं लिहा आणि दुसऱ्या कॅटमधल्या गुलामांवर 'स्वार' लिहा. पाठ तयार, कापणं तयार. स्टिकरने जाडी थोडी वाढते, पण टॅरो आपल्याला मानवतो का हे कळायला हा कॅट पुरतो.

हाताने केलेले पत्ते बोटांनी वाकवून फर्रर करून पिसू नका, कार्डाची पाठ मोडते. जेवणाच्या टेबलावर किंवा सतरंजीवर सगळे पालथे पसरा, दोन्ही हातांनी ढवळा आणि गोळा करा. ढवळताना अर्धे पत्ते आपोआप उलटे होतात. उलट्या पत्त्याचा वेगळा अर्थ घ्यायचा नसेल तर वाचताना सरळ करून घ्या, सुरुवातीला तेच सोपं. पहिल्यांदा तीनच पत्ते मांडा आणि पुस्तक न उघडता समोर काय दिसतंय ते वहीत लिहा. चिमणी, लवंडलेली घागर, पाठमोरा स्वार: तुम्हीच काढलेलं असल्यामुळे लिहायला काही ना काही सुचतंच.

ठेवायला चादरीच्या तुकड्याची नाडीची पिशवी शिवा. कारखान्यांच्या विक्री दुकानात दोषाचे तुकडे स्वस्तात मिळतात. उरलेले कोरे पत्ते त्याच पिशवीत, वेगळ्या कागदात गुंडाळून ठेवा, कारण पाठीचा रंग पुन्हा तसाच जमत नाही आणि हरवलेल्या पत्त्याच्या जागी जुन्यातलाच कोरा लागतो. ठसेही टाकून देऊ नका. खोडरबर उन्हात तडकतं, म्हणून एका डबीत, सावलीत.